मदत हवी आहे: पेटंट संपलं, पण कराराची अट उरते का?

सार्वजनिक प्रयोगशाळेत कीडरोधक कडधान्यावर काम करतोय. जनुक आमचंच, पण प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) दुसऱ्या संस्थेकडून एमटीएवर, म्हणजे साहित्य हस्तांतरण करारावर आलंय. त्यात '३५एस' प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) आणि करारात एक ओळ: 'फक्त संशोधनासाठी'. तेव्हा नीट न वाचताच सही झाली! आता वाण प्रसारित करायचाय. प्रमोटरचं पेटंट संपलेलं आहे, हे तपासलं. त्या संस्थेला दोनदा मेल केले, उत्तर नाही. नवं प्लाझ्मिड बांधायचा सल्ला कृपया नको, सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. जैवसुरक्षा चाचण्यांचं वेगळं चालू आहे. गोल्डन राईसला (अ जीवनसत्त्वासाठी जनुक बदललेला भात) मानवतावादी, म्हणजे गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत वापराचे परवाने मिळाले, पण तिथे पेटंटं जिवंत होती. आमचं घोडं करारात अडलंय. पेटंट नसतानाही ही अट वाणाच्या बियाण्याला लागू होते का? आणि अशी परवानगी कुणी मिळवली असेल, तर पत्र कुणाच्या नावे लिहिलंत?