थंडीत रात्रीचं सोलापूर-पुणे: गाडीत काय काय ठेवावं?

जुळेसोलापूरकर
मुलगी पुण्यात शिकायला आहे. डिसेंबर-जानेवारीत तिला आणा-सोडायला रात्रीची गाडी काढावी लागते, बरोबर आई असते (वय 74, गुडघे दुखतात). गाडी पेट्रोल, बॅटरी चार वर्षांची. नेटवर थंडीसाठी गाडीत काय ठेवावं ते शोधलं, तर बर्फ उकरायचं फावडं निघालं! आपल्याकडं बर्फ रसवंतीवरच दिसतो. आपल्या रस्त्याला खरंच काय लागतं, सांगा की ओ.

हायवेमिस्त्री
फावडं राहू द्या, आधी बॅटरी बघा. ती मरते आपल्या उन्हाळ्यात, थंडीत फक्त उघडी पडते. पहाटे सेल्फ मारला की नुसतं टक टक. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी मीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असली तर ठीक, 12.2 दाखवलं तर निघूच नका.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करायची जंपर केबल हातात तोलून घ्या. स्वस्तातल्या केबलीत वर रबर जाड आणि आत तांबं नावाला. केबल तापते, गाडी हलत नाही. लाल चिमटा आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळा चालू गाडीच्या मायनसला, आणि त्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवर, रंग नसलेल्या लोखंडाला. बॅटरीतून गॅस निघतो, तिच्याजवळ ठिणगी नको.

आता ऊस. कारखाने सुरू झाले की मोहोळपासून इंदापूरपर्यंत ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. त्यात उजनीच्या पट्ट्यात पहाटेचं धुकं. तिथं बंद पडलात तर मागून येणाऱ्याला तुम्हीही तसेच, न दिसणारे. म्हणून रिफ्लेक्टरचं जाकीट आणि त्रिकोण हवाच. जाकीट डिकीत नको, सीटखाली ठेवा, दार उघडायच्या आधी अंगात पाहिजे. त्रिकोण गाडीला चिकटवून लावतात लोक, काय उपयोग? चांगली शंभर पावलं मागं न्या, रेलिंगच्या बाहेरून चालत. ट्रक गेला की वाऱ्यानं आडवा होतो, पायावर दगड ठेवा. मग सगळ्यांनी गाडीतून उतरून रेलिंगपलीकडं थांबायचं.

शेंगाचटणी
खाण्याचं कुणी बोललंच नाही! कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात घाला, आठवडाभर काही होत नाही. बिस्किटं डिकीत मऊ पडतात. थर्मासात गरम पाणी. आईंच्या गोळ्या त्यांच्याच पर्समध्ये, मागच्या बॅगेत नकोत. आणि दोन सोलापुरी चादरी. एक आईंना, दुसरी जुनी बघून घ्या, चाक बदलताना खाली अंथरायला.

जुळेसोलापूरकर
आईला रेलिंग ओलांडणं शक्य नाही. मग?

हायवेमिस्त्री
गाडी थोडीही सरकत असेल तर ढाबा, पंप, सर्व्हिस रोड, जे जवळ असेल तिथपर्यंत हळूहळू न्या. टायर फाटला तरी चालेल, माणूस महत्त्वाचा. अगदीच जागेवर बसली तर डावीकडं जितकी घेता येईल तितकी घ्या, चारी इंडिकेटर चालू, आईंचा बेल्ट लावलेला. तुम्ही एकटे उतरा आणि 1033 ला फोन लावा, हायवेची हेल्पलाइन आहे. ते आधी विचारतील 'कुठं आहात?' 'टेंभुर्णीच्या पुढं' सांगून भागत नाही. जाताना किलोमीटरचे दगड आणि टोलनाके बघत जायची सवय लावा: सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी.

गारठा वाटतो म्हणून काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरच्या धुरातला विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) आत शिरला तर त्याचा वासही येत नाही. चादरी त्यासाठीच.

शेंगाचटणी
टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या. मोबाइल तोंडात धरून नट कसे खोलणार?

हायवेमिस्त्री
बरोबर. आणि गाडीबरोबरचा पाना आखूड असतो, नट हलत नाहीत. त्यावर चढवायला दीड-दोन फुटी लोखंडी पाइप ठेवा. स्टेपनीतली हवा आजच बघा. ती बघायची कुणालाच आठवत नाही, आणि थंडीत हवा अजून दोन-तीन पॉइंट उतरते.