इंजेक्शन इतिहासजमा होणार म्हणे!

अर्धविराम

पाषाणवासी यांनी परवा इथल्याच लेखात लिहिले की औषधाला शरीरातील अडथळे ओलांडून नेण्याच्या अभियांत्रिकीने आता इतकी मजल मारली आहे की येत्या दहा वर्षांत सुई वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळेल. दोन ओळींचा प्रतिसाद देऊन गप्प बसायचे ठरवले होते, बसवले नाही.

इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये. शंभर वर्षे उलटली, तरी माझी आई रोज सकाळी पोटाची चिमूट धरून तेच करते. २००६ मध्ये श्वासावाटे घ्यायच्या इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी, खप होईना म्हणून, कंपनीने ते गुंडाळले. नॅनोकणांची, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, कथा त्याहून केविलवाणी आहे. आधीच्या दहा वर्षांतील शोधनिबंध एकत्र करून २०१६ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात शिरेतून दिलेल्या कणांपैकी कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले, आणि तेही प्राण्यांमध्ये. टपालखात्याने शंभरातले एक पत्रही धड पोहोचवले नसते, तर आपण त्या खात्याचे सत्कार केले असते काय? माझ्या पुतण्याने याच विषयात पाच वर्षे घालवून पीएच.डी. मिळवली आणि आता तो हिंजवडीत बँकेचे सॉफ्टवेअर लिहितो. उंदीर मात्र ठणठणीत बरे झाले.

पाषाणवासी

'दहा वर्षांत' हे शब्द माझ्याकडून उत्साहाच्या भरात गेले, ते मागे घेतो. बाकीचे घेत नाही.

आपण अडथळा म्हणजे भिंत समजता, तिथेच घोळ आहे. भिंत पाडता येते. हे जकात नाके आहेत. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो, पण साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजायचे एकक) मोठा रेणू तो सहसा आत सोडत नाही, आणि इन्सुलिनचा रेणू ५,८०० च्या आसपास आहे. म्हणूनच मळमळीवरच्या औषधाची चिकटपट्टी १९७९ मध्येच बाजारात आली आणि इन्सुलिनची अजून आली नाही. आतड्यात तर आधी पाचकरस, मग सतत नवा होणारा श्लेष्माचा थर, मग एकमेकींना घट्ट शिवलेल्या पेशी.

०.७ टक्क्यांबद्दल आपण अर्धेच सांगितले. उरलेल्यातील बराच वाटा यकृत आणि प्लीहा गिळतात. त्यावर रडत न बसता काही लोकांनी यकृतातच पोहोचवायचे औषध चरबीच्या कणांत भरले आणि २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याच जातीचे कण पुढे एमआरएनए लशींच्या कामी आले. आपल्या पुतण्याच्या हिंजवडीतल्याच जेनोव्हा कंपनीच्या ओमायक्रॉनविरोधी लशीला जून २०२३ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली. ती सुईविना, उपकरणाने त्वचेत दिली जाते. ती उंदरांसाठी बनवलेली नव्हती.

अर्धविराम

लस आयुष्यात दोनदा-तीनदा घ्यायची असते, इन्सुलिन रोज. आणि मधुमेहातील ज्या सेमाग्लुटाइडच्या गोळीचे (मान्यता २०१९) आपण लेखात कौतुक केले, तिचा हिशेब आपण मुद्दाम गाळला असे मला वाटते. सुईने आठवड्याला १ मिलिग्रॅम पुरते. गोळीने रोज १४, म्हणजे आठवड्याला ९८. जेमतेम एक टक्का रक्तात शिरतो, बाकी वाया. शिवाय ती उपाशीपोटी, अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. पुण्यातल्या निवृत्त माणसाला सकाळचा चहा अर्धा तास लांबवायला सांगणे ही अभियांत्रिकी नव्हे, शिक्षा आहे.

सुमनताई

आपल्या दोघांच्या वादात मी पडणार नव्हते, पण 'नाका' या शब्दाने थांबवले.

माझ्या यजमानांना कंपवाताची (पार्किन्सन्सची) लेव्होडोपाची गोळी सुरू आहे. पहिले दीड वर्ष ती कधी लागू पडे, कधी अजिबात पडत नसे. मी ती जेवणाबरोबर देत असे, कारण पोटाला त्रास नको. आणि शक्ती यावी म्हणून बरोबर वाटीभर डाळ, दूध, कधी पनीर. नंतर एका ओळखीच्या औषधविक्रेत्याने सांगितले की प्रथिनांतून येणारी अमिनो आम्ले आणि ही गोळी एकाच दारात रांग लावतात, आतड्यातही आणि मेंदूच्या वेशीवरही. म्हणजे मी माझ्याच हाताने त्या गोळीसमोर गर्दी उभी करत होते. वेळ अर्धा तास आधी नेली आणि यजमान स्वतःच्या हाताने शर्टाची बटणे लावू लागले. दीड वर्षात तीन डॉक्टर झाले. एकानेही हे सांगितले नाही.

ओपीडीतला

सुमनताई, आपल्याला त्रास झाला हे मान्य, पण 'तीन डॉक्टर' हा आकडा वाचून राहवत नाही. एका सकाळी मी साठ-सत्तर रुग्ण तपासतो. दुसरे असे की सुरुवातीला मळमळ होऊ नये म्हणून ही गोळी अनेकदा आम्हीच खाण्याबरोबर घ्यायला सांगतो. त्यामुळे ही चूक सरसकट डॉक्टरांच्या गळ्यात मारू नये.

सुमनताई

सुरुवातीला म्हणजे दीड वर्ष नव्हे, डॉक्टरसाहेब. एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो, हे आपण हे तीन परिच्छेदांचे स्पष्टीकरण लिहिताना मोजलेत का?

ओपीडीतला

परिच्छेद एकच आहे.

औंधकर वैद्य

या गोळीतील द्रव्य खाजकुयलीच्या बियांत असते आणि १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनीच ते त्यातून वेगळे काढले, याचा उल्लेख करण्याचे सौजन्य कोणासही सुचले नाही. आमच्याकडे कवचबीज, म्हणजे हेच बी, कंपवातात पूर्वापार वापरले जाते. नाका ओलांडण्याची विद्या पाषाणच्या प्रयोगशाळेत जन्मली नाही.

पाषाणवासी

वैद्यबुवा, बियांत लेव्होडोपा आहे, शंभर टक्के मान्य. पण लेव्होडोपाचे डोपामिन (कंपवातात मेंदूत कमी पडणारे द्रव्य) व्हायला हवे ते मेंदूत पोहोचल्यावर. नुसता घेतलेला लेव्होडोपा वाटेतच, म्हणजे मेंदूबाहेर, डोपामिन होऊन बसतो, आणि डोपामिनला मेंदूची वेस बंद आहे. म्हणून गोळीत त्याच्या जोडीला कार्बिडोपा असतो, जो ही वाटेतली नासाडी रोखतो. गंमत अशी की कार्बिडोपाही वेस ओलांडू शकत नाही, आणि ओलांडत नाही तेच बरे आहे, कारण आत गेला असता तर तिथेही त्याने डोपामिन होऊ दिले नसते. अडथळ्याशी झुंजण्याऐवजी त्यालाच कामाला लावण्याचे याहून देखणे उदाहरण मला ठाऊक नाही. आपले चूर्ण हे करत नाही.

औंधकर वैद्य

आपले 'मान्य' नेहमी 'पण'सहच येते.

ओपीडीतला

इथे मात्र मी पाषाणवासींच्या बाजूने आहे, आणि तेही रागाने. एक रुग्ण हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागले म्हणून आणला गेला. मी गोळ्यांची मात्रा तपासत बसलो. शेवटी मुलगा म्हणाला की बाबांना दुधातून चूर्णही देतो, 'ते नैसर्गिक आहे' म्हणून सांगितले नाही. दोन्हीकडून एकच औषध चालले होते. घ्यायचे असेल तर घ्या, पण आम्हाला सांगा.

सुमनताई

सांगायचे दोन्ही बाजूंनी असते.

ओपीडीतला

हे लागले. उद्यापासून चिठ्ठीवर 'गोळी आणि डाळ-दूध यांत अंतर ठेवा' असा शिक्का मारीन. शिक्क्याचा खर्च आपल्याकडून घेईन.

अर्धविराम

धागा माझा, विषय इन्सुलिनचा, आणि चर्चा पनीरची! तरी एक कबूल करतो: कार्बिडोपाचा तो किस्सा मला ठाऊक नव्हता आणि तो उंदरांपुरता नाही, हे खरे. पाषाणवासींना त्यासाठी ०.७ गुण द्यायला माझी हरकत नाही.

पाषाणवासी

घेतो. पण आता मी एक विचारतो. आपल्या मातोश्री रोज पोटावर त्याच जागी टोचतात की जागा बदलतात? एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे चरबीची गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

अर्धविराम

आत्ता विचारून आलो. बेंबीच्या डाव्या बाजूलाच, गेली सहा वर्षे, 'तिथे दुखत नाही' म्हणून. हाताला गाठ लागते.