मदत हवी आहे: शिवडीला फ्लेमिंगोचे फोटो धुरकट येतात, उद्याच जायचंय

माहीमकर_नि (दुपारी २.१०)
शिवडीला तीन रविवार जाऊन आलो, तिन्ही वेळा फोटो वाया गेले. सगळं धुरकट. पक्षी म्हणजे चिखलावरचे काळपट ठिपके, गुलाबी रंग कुठेच नाही. उद्या शेवटची संधी आहे. आज संध्याकाळपर्यंत लेन्स भाड्याने आणू शकतो. कुठली आणू आणि कुठे मिळेल, एवढंच सांगा. सेटिंगचे व्हिडिओ बघून झालेत. प्लीज लवकर, दुकानं बंद व्हायच्या आत पोचायचंय.

रानवाटा (२.१८)
कॅमेरा कुठला? आत्ता लेन्स कुठली? किती वाजता गेला होतात? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं कसं?

शटर_सुहास (२.२१)
१५०-६०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स घ्या, सिग्मा किंवा टॅमरॉन. पक्ष्यांसाठी ५०० मिमीच्या खाली वेळ घालवू नये हा माझा आठ वर्षांचा अनुभव. फोर्टला बोरा बाजारात विचारा. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागेल.

माहीमकर_नि (२.२६)
कॅनन १५००डी, लेन्स ५५-२५०. सुहास, धन्यवाद, निघतोच आहे.

रानवाटा (२.२८)
थांबा हो. वेळ सांगितलीच नाहीत. आणि एका फोटोची माहिती द्या: शटर (सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता).

माहीमकर_नि (२.३७)
वेळ सकाळचीच, ७ ते ९. कोवळं ऊन मिळावं म्हणून. शटर १/१६०, आयएसओ १००, २५० मिमीवर. उद्याही सातलाच पोचणार आहे.

रानवाटा (२.५२)
मग लेन्स आणू नका. शिवडीची जेट्टी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. सकाळी सूर्य खाडीच्या बाजूने, म्हणजे थेट तुमच्या डोळ्यांवर. ओला चिखल आणि पाणी आरशासारखं चमकतं, कॅमेरा ती चमक सांभाळायला बाकी सगळं काळवंडतो, म्हणून पक्षी काळे. गुलाबी रंग दिसायला ऊन पाठीमागून हवं, तिथे ते दुपारी चारनंतरच मिळतं. लेन्सपुढे स्वस्तातला फिल्टर लावला असेल तर तोही काढा, समोरच्या उन्हात चित्र आणखी पांढुरकं करतो.

दुसरं, सेन्सर लहान असल्याने २५० मिमी या कॅमेऱ्यावर ४०० सारखं वागतं. १/१६० ला हात हलणारच, पक्षीही हलणार. १/१००० च्या खाली येऊ नका, आयएसओ ४००-८०० जाऊ दे. दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

शटर_सुहास (३.०१)
दिशेचं मान्य. पण पक्षी ४०० मीटरवर असतील तर २५० ने ठिपकेच येणार, ऊन कुठूनही असो. त्यांना लेन्स आणू नका सांगून नुकसान करताय.

रानवाटा (३.०६)
सुहास, ४०० मीटरवर ६०० नेही तेच होतं. मधली हवा तापून थरथरते, लांब लेन्स ती थरथरच मोठी करून दाखवते. मी भाड्याची ६०० घेऊन शिवडीवर पूर्ण सकाळ घालवली आहे, एक फोटो धारदार नव्हता. अंतर कमी व्हायला पाहिजे.

शटर_सुहास (३.०९)
अंतर कमी करणार कसं? चिखलात उतरणार? गुडघाभर रुततो माणूस.

भटका_परेल (३.१५)
ड्रोन?

रानवाटा (३.१६)
अजिबात नको. तो सगळा बंदराचा भाग आहे, परवानगीशिवाय ड्रोन उडवणं गुन्हा. आणि अख्खा थवा उठतो. शेकडो मैल उडून आलेले, परतीच्या आधी पोट भरणारे पक्षी आहेत ते.

शब्दवेल्हाळ (३.२४)
थोडं अवांतर. मराठीत या पक्ष्याला ‘रोहित’ असं सुंदर नाव असताना सगळे फ्लेमिंगो का लिहिताय?

अनघा_ठाणे (३.३०)
आमच्याकडे अग्निपंख म्हणतात, मला तेच जास्त आवडतं. पंख उघडले की आतला लाल रंग दिसतो, त्यावरूनच नाव पडलं असावं. आणि धागाकर्त्यांना: शिवडीचा नाद सोडून ऐरोलीला जा. वनखात्याच्या केंद्रातून बोट सुटते, ठाणे खाडीच्या अभयारण्यात नेते (२०१५ ला अभयारण्य झालं, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं). बोटीच्या वेळा भरती बघूनच ठरवतात, त्यामुळे पक्षी खूप जवळून दिसतात.

शब्दवेल्हाळ (३.३३)
अग्निपंखही छान. पण शिवडीला लहान रोहित आणि मोठा रोहित दोन्ही येतात. लहानाची चोच गडद लालसर, मोठ्याची गुलाबी आणि फक्त टोक काळं. फोटोत चोच नीट आली तर ओळखता येतं.

उजनीचा_वारा (३.४०)
भिगवणला या सगळेजण. होडीवाला नेतो, गर्दी नाही, मासळीचं जेवण झकास.

माहीमकर_नि (३.४४)
भिगवण, ऐरोली काहीच जमणार नाही. बोटीचं आरक्षण आज मिळत नाहीये, बघितलं. आई बरोबर आहे, तिच्या गुडघ्यांवर उपचार चालू होते म्हणून दोन महिने माझ्याकडे होती. अटल सेतूवरून येताना गाडीतून तिला लांब गुलाबी पट्टा दिसला, तेव्हापासून म्हणतेय की जवळून बघायचंय. परवा सकाळी गाडीने साताऱ्याला जाणार. म्हणून उद्याच, आणि सकाळीच, कारण उद्या तिचा उपास आहे, दुपारनंतर तिला थकवा येतो.

अनघा_ठाणे (३.४७)
अहो हे आधी सांगायचं ना! मग स्टेशनवरून चालवू नका त्यांना. शिवडी स्टेशनच्या पूर्वेला उतरून टॅक्सी करा, जेट्टीपर्यंत जाते. घडीची खुर्ची न्या, तिथे बसायला धड जागा नाही.

कोळीवाडा_वरळी (३.५८)
दादा, उपास कसला? संकष्टीचा का?

माहीमकर_नि (४.०१)
हो, संकष्टी. त्याचा इथे काय संबंध?

कोळीवाडा_वरळी (४.१२)
सगळा संबंध आहे. आमच्या घरात भरती तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. उद्या चतुर्थी, चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आसपास भरती आणि पुन्हा दुपारी तीनच्या आसपास. सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. तुम्ही सातला गेलात तर पाणी लांब पळत असणार आणि पक्षी पाण्याच्या कडेला चरतात, तेही त्याच्या मागे लांब जाणार. मागचे तीन रविवार काय तिथी होती बघा, त्यातल्या एक-दोन वेळा तरी हेच झालं असेल.

दुपारी तीनला पाणी भिंतीपर्यंत येईल, तेव्हा चिखल दिसणार नाही, पक्षीही नाहीत. साडेचार-पाचनंतर पाणी उतरायला लागलं की आधी किनाऱ्याजवळचा चिखल उघडा पडतो. त्यावर ते येतात. तेव्हा जवळ असतील. नक्की मिनिटं भरतीच्या तक्त्यात बघून घ्या, अर्धा तास इकडे तिकडे होतो.

रानवाटा (४.१६)
हेच उत्तर आहे. पाचला ऊनही पाठीमागून. वरळीकर ताई (की दादा?), मी इतकी वर्षं तक्ता बघून जातोय, पाऊणपटीचं माहीत नव्हतं.

कोळीवाडा_वरळी (४.२०)
ताई. आजोबांकडून आलंय. अष्टमीला सहा, अमावास्येला बारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं.

शटर_सुहास (४.२५)
पाचलाही हवा तापलेली असते एप्रिलमध्ये. पण अंतर शंभर मीटरच्या आत आलं तर फरक पडणार नाही, मान्य. तरी लेन्स असती तर चोचीपर्यंत गेलो असतो.

माहीमकर_नि (४.३१)
आईला विचारलं. म्हणाली, दुपारी झोपून घेते, चंद्रोदय तसाही नऊच्या पुढे आहे. लेन्स आणत नाही. ताई, खूप आभार.

अनघा_ठाणे (४.३५)
पाण्याची बाटली, राजगिऱ्याचे लाडू आणि डासांचं मलम. खाडीवर संध्याकाळी फार चावतात.

माहीमकर_नि (दुसऱ्या दिवशी, रात्री १०.५०)
आई जेवली, आता लिहितोय. पावणेपाचला पोचलो तेव्हा नुसतं पाणी होतं, एकही पक्षी नाही. मला वाटलं चौथी फेरीही गेली. सव्वापाचला जेट्टीच्या डावीकडे चिखलाची कड दिसायला लागली आणि पुलाच्या बाजूने थवे यायला लागले. साडेपाचला समोर दोनेकशे तरी असतील. माना खाली, चोच उलटी करून चिखल घुसळत चालतात तो आवाज ऐकू येत होता, इतके जवळ.

दोनशेच्या वर फोटो काढले, सातआठ खरोखर चांगले आहेत. त्यातला एक पक्षी उडताना पंख उघडलेला, आतला लाल आणि काळा दोन्ही दिसतोय. आई खुर्चीवर बसून तास सव्वातास हलली नाही. तिने एकदाच विचारलं, हे पिल्लं कुठे घालतात. कच्छच्या रणात घालतात हे सांगता आलं, कारण रात्री वाचलं होतं. निघताना तिच्यामागे थवा आला, तोही काढलाय.

शब्दवेल्हाळ (१०.५८)
चोच कशी होती?

माहीमकर_नि (११.०२)
गडद लालसर. बहुतेक लहान रोहितच. दोन-तीन उंच, फिकट होते.

शटर_सुहास (११.०५)
सेटिंग काय ठेवलं शेवटी?

माहीमकर_नि (११.०९)
शटर १/१२५०, लेन्सचं छिद्र एफ ५.६, आयएसओ ४००, सूर्य खाली गेल्यावर ८००. फिल्टर काढला होता. एक विचारायचं आहे. आईमागचा थवा असलेला फोटो १२ बाय १८ छापून तिच्याबरोबर द्यायचाय, सकाळी नऊला गाडी आहे तर आता काही होणार नाही, पोस्टाने पाठवीन. मॅट (बिनचमकीचा) करू की ग्लॉसी (चकचकीत)? साताऱ्याच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर लागणार.

रानवाटा (११.१४)
मॅट. दारासमोर ग्लॉसीवर उजेड पडला की त्यांचा चेहरा दिसणार नाही.