टाचेवर उभा राहतो, पंज्यावर आलो की तोंडघशी: स्नोबोर्डचं वळण

दांडीचा_तांडेल
नमस्कार मंडळी. मालवणात माझी होडी आहे, सीझनला पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतो. वय ३६. फेब्रुवारीत गर्दी जरा कमी असते, म्हणून होडी भावाच्या ताब्यात दिली आणि सहा दिवस गुलमर्गला स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून बर्फावरून घसरायचं) शिकायला गेलो. घरी कोणाला पटलं नव्हतं, अजूनही नाही.

टाचेची धार (बोर्डाची टाचांकडची कड; पंज्यांकडची ती पंज्याची धार) चौथ्या दिवसापर्यंत बसली. दरीकडे तोंड करून, बोर्ड आडवा धरून सरकत खाली येणं जमतं. त्याच धारेवर डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, झाडाचं पान गळतं तसं उतरतो. पण तिथून पंज्याच्या धारेवर वळायला गेलो की खेळ खलास. मागच्या पायाने बोर्ड जोरात फिरवतो, तो अर्धाच फिरतो आणि मी पुढे तोंडावर. वीस-पंचवीस वेळा तरी झालं असेल. इन्स्ट्रक्टर एकच सांगायचा, 'आगे झुको'. पुढे म्हणजे कुठे? मी कमरेत वाकायचो आणि आणखी आपटायचो.

जानेवारीअखेर परत जायचं आहे. डावा पाय पुढे ठेवतो. तोवर इथे बर्फाशिवाय काही सराव करता येईल का?

रत्नांग्री_टू_नागानो
तांडेल, तुमचं दुखणं तुमच्या धंद्यातच आहे! होडीचं सुकाणू मागे असतं, म्हणून तुम्ही मागच्या पायाने वळवताय. बोर्डाचं सुकाणू पुढच्या पायात.

मी नोकरीनिमित्त तीन हिवाळे जपानमधल्या नागानोत काढले (१९९८ ला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो तिथेच) आणि पहिला अख्खा हिवाळा हीच चूक करत होते. तुम्ही टाचेवर असता तेव्हा पंज्याची धार दरीच्या बाजूला असते. बोर्ड आडवाच असताना पंज्यावर भार दिलात तर ती धार बर्फात रुतते आणि तुम्ही तोंडावर. म्हणजे घाई नडते. आधी बोर्ड सपाट सोडायचा, भार डाव्या पायावर घ्यायचा. बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, आपोआप खाली, दरीकडे वळतं. त्यात जोर लागत नाही, फक्त वाट बघावी लागते. नाक सरळ खाली आलं, की मग पंजे. नजर आणि डावा हात उजवीकडे, जिथे जायचंय तिथे.

ते दीड-दोन सेकंद बोर्ड सरळ खाली सुटतो. पोटात गोळा येतो आणि माणूस मागे झुकतो. मागे झुकलात की पुढच्या पायावरचा भार गेला, मग बोर्ड वळत नाही, नुसता पळतो. होडी उभी असताना सुकाणू फिरवून काही होतं का? वेग हवाच. आणि लाटांतून किनाऱ्याला येताना घाबरून होडी आडवी घातली तर काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगणार.

'आगे झुको'चं म्हणाल तर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे आठवा: गुडघे वाकलेले, टाचा वाळूत, अंग मागे. ती तुमची टाचेची धार. आता होडी पाण्यात ढकलणारे आठवा: पंजे वाळूत रुतलेले, नडगी पुढे. ती पंज्याची. फक्त ढकलताना खांदे खाली जातात, ते इथे नको. छाती वर, कंबर पुढे, नडगीने बुटाची जीभ दाबायची.

हापूस_गडी
रे तांडेला, हयसर सोलकढीत बर्फ घालतत तेवढोच आमका म्हायत. तू खयच्या बर्फार घसरतंस? 😄 पण एक खरा, पावसात पाणंदीत शेवाळ धरता तेव्हा मागे झुकलो तो आपटलो. आवशीक विचार, डोक्यार हंडो घेवन कशी चलता ती.

केळशीकर
वरच्या ताईंनी तंत्र चोख सांगितलंय. मी दोनदा गुलमर्गला गेलोय, माझी दोन आण्याची भर. पडताना तळहात टेकू नका, मुठी आवळा, नाहीतर मनगट जातं. हेल्मेट हवंच: पंज्यावर असताना टाचेची धार अडकली की माणूस पाठीवर पडतो, डोकं आधी लागतं, आणि ते तोंडावर पडण्यापेक्षा वाईट. भाड्याचे बूट सैल घेऊ नका; टाच आत उचलली जात असेल तर पंज्यावर कितीही दाबा, बोर्डाला कळत नाही.

आणि गोंडोलाच्या (तिथल्या केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याने वर अफरवट डोंगरावर जायचा मोह टाळा. वरची बर्फाची वाट रोलर फिरवून सपाट केलेली नसते, हिमस्खलनाचा धोका वेगळाच. खालची शिकाऊ उतरणच भली. पहिला दिवस फक्त टाचेवरून नाक खाली सोडून परत टाचेवर यायचं, वळण पुरं करायचंच नाही. ती भीती मोडली की निम्मं काम झालं.

दांडीचा_तांडेल
ताई, काल तुमचा प्रतिसाद वाचला आणि आज सकाळी होडी ढकलताना पायांकडे बघत राहिलो. भाऊ ओरडला, 'जोर लाव, बघतंस काय!' पण खरंच, नडगी पुढे, टाचा वर. इतकी वर्षं करतोय, कधी लक्ष गेलं नाही.

दुपारी सुताराकडून तीन फुटी फळी आणली, खाली पीव्हीसी पाईपचा तुकडा. त्यावर उभं राहून भार डाव्या पायावर नेतो. पहिल्या मिनिटाला धाडकन पडलो, तेही मागे. आई पडवीतून म्हणाली, "काश्मीरचे पैसे वाचले."

एक शंका राहिली. नाक सरळ खाली आल्यावर वेग जास्तच वाटला तर मध्येच परत टाचेवर यावं, की वळण पुरंच करावं?

रत्नांग्री_टू_नागानो
पुरं करा. अर्धवट सोडलंत तर तोच सरळ पळणारा बोर्ड हाती राहतो. वळून बोर्ड पुन्हा उतरणीला आडवा आला, नाक जरासं चढाकडे गेलं, की वेग आपोआप मरतो. ब्रेक वळणाच्या शेवटी असतो. म्हणून सुरुवातीला इतकी मंद उतरण निवडा की सरळ गेलात तरी शेवटी सपाटीवर थांबाल. केळशीकरांचा टाचेवर परतायचा सरावही त्याच उतरणीवर, आधी तो. फळीवरून मागे पडताय म्हणजे भार अजून मागेच आहे. पाईप आणखी महिनाभर ठेवा.