मदत हवी आहे: शिबिरातली साखर लॅबपर्यंत खरी कशी पोचवायची?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात गोवंडीत मधुमेह तपासणीचं शिबिर आहे आणि लॅब परळला. नमुने पोचायला दीड-दोन तास धरावेच लागतात. घोळ तिथेच होतो.

रक्त नळीत गेलं तरी पेशी साखर खातच राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. राखाडी टोपणाच्या नळीतलं फ्लोराइड हे लगेच थांबवत नाही, त्याला तास-दोन तास लागतात. म्हणजे उपाशीपोटी १३० असलेला माणूस कागदावर १२२ चा होतो आणि मधुमेहाच्या १२६ च्या रेषेखालून निसटतो. आपल्या हातून असा एकही सुटू नये.

एचबीएवनसीवर (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) भिस्त ठेवावी, तर वस्तीतल्या बायकांमध्ये लोहाची कमतरता सर्रास आहे. त्यात हा आकडा उगाच वर जातो. मधुमेहाची रेषा ६.५ असली तरी नुसत्या ६.६ वर कुणाला मधुमेही ठरवणं योग्य वाटत नाही. (हिमोग्लोबिन सोबत करणारच आहोत.)

पेशींचं साखर खाणं लगेच थांबवणाऱ्या, ग्लुकोजसाठीच्या सायट्रेट-फ्लोराइड नळ्या मुंबईत शे-दीडशेच्या संख्येत कुठे मिळतील? रक्त गोठण्याच्या तपासणीची निळी नळी नकोय. त्या नाहीच मिळाल्या तर नमुने बर्फात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वेगळा करावा लागेल. त्यासाठी नळ्या वेगाने फिरवणारं छोटं सेंट्रिफ्यूज दिवसभर भाड्याने कोण देतं?

आणि दोन तासांच्या चाचणीसाठी (ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजतात ती) ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज लागतं, मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेलं) असेल तर ८२.५ ग्रॅम. नक्की कोणतं ते पाकिटावर छापणारा पुरवठादार माहीत असेल तर कृपया सांगा.