कुलूपबंद सौदे आणि किल्लीचे वाटेकरी

धागाकर्ता:
इथेरियम या ब्लॉकचेनवर (व्यवहारांच्या सामायिक, उघड्या नोंदवहीवर) पाठवलेला सौदा ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या वहीच्या पुढच्या पानावर, जाण्यापूर्वी सहसा मेमपूल नावाच्या उघड्या प्रतीक्षायादीत थांबतो. तेथे मोठी खरेदी दिसताच एखादा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) तिच्याआधी स्वतः खरेदी करतो, तिने भाव चढताच तिच्यामागे लगेच विक्री लावतो आणि मधला फरक खिशात घालतो. माझ्या मते यावर खरा उपाय एकच: सौदे कूटबद्ध करून पाठवावेत, त्यांचा क्रम ते न वाचताच ठरावा, आणि अनेक स्वतंत्र ऑपरेटरांत वाटलेल्या किल्लीचे पुरेसे हिस्से जमल्यावरच सगळी बॅच, म्हणजे सौद्यांचा अख्खा गठ्ठा, एकदम उघडावी. त्यातच बॅचमधल्या प्रत्येकाला एकच भाव दिला, तर आधी कोण आणि नंतर कोण याला अर्थच उरत नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या सकाळच्या प्री-ओपन सत्रात २०१० पासून एकच समतोल भाव निघतो, तो याच तत्त्वावर.

पहिला प्रतिसाद:
तुलना अर्धीच पटते. प्री-ओपनमध्ये ऑर्डरी गोळा करणारी संस्था एक असते, तिच्यावर सेबीची देखरेख असते आणि गडबड झाल्यास चौकशीला कागद सापडतात. येथे समजा अकरा ऑपरेटर आहेत आणि सात हिस्से जमल्यावर बॅच उघडते. त्यांतल्या सातांनी आपले हिस्से ब्लॉकचेनच्या बाहेर एकमेकांना दिले, तर बॅच वेळेआधी वाचली जाईल आणि ब्लॉकचेनवर त्याची कसलीही खूण उमटणार नाही. ज्या चोरीचा पुरावाच निघत नाही, तिच्यासाठी ऑपरेटरांनी हमी म्हणून ठेवलेली अनामत रक्कम जप्त तरी कशी करणार?

दुसरा प्रतिसाद:
धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. गुप्तता वेगळी आणि समान भाव वेगळा. काउ प्रोटोकॉल ही ब्लॉकचेनवरची सौदे जुळवणारी व्यवस्था बॅच लिलावात समान भाव देते, पण सौदे जुळवणाऱ्या सॉल्व्हरांना ते दिसतातच. उलट ग्नोसिस चेन या दुसऱ्या ब्लॉकचेनवर २०२४ मध्ये आलेल्या शटर या प्रणालीत सौदे कूटबद्ध असतात आणि ‘कीपर’ किल्ली सांभाळतात, परंतु बॅचला एकच भाव मिळावा हे त्याचे काम नव्हे. धागाकर्त्याला दोन्ही एकत्र हवे आहे, आणि अवघड काम नेमके तेच आहे.

धागाकर्ता:
सरमिसळीचा आक्षेप मान्य. पुराव्याबद्दल मात्र एवढेच म्हणेन की आज लुटायला एक बॉट पुरतो, तेथे सात जणांना संगनमत करावे लागेल. सात कमी वाटत असतील, तर नऊ करा.

पहिला प्रतिसादक:
नऊ केले, की तीन ऑपरेटर बंद पडताच बॅच उघडणारच नाही आणि सगळ्यांचे सौदे कुलपातच अडकतील, बाजार कोसळत असेल तरीही. सातची अट असताना चार जण गैरहजर राहिले, तरी काम चालले असते. शिवाय अकराही जणांची यंत्रे एकाच क्लाउड कंपनीकडे भाड्याने असतील, तर त्यांना स्वतंत्र कशाच्या आधारावर म्हणायचे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.