'अतिभार संरक्षण' : संरक्षण नक्की कोणाचं?

भाषांतरवाली : हातात धरायच्या विजेच्या गोल करवतीची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. एकाच पानावर 'मोटर संरक्षण', 'अतिभार संरक्षण' आणि 'पुनःप्रारंभ संरक्षण'. पहिल्यात मोटर वाचते, ठीक. मग दुसऱ्यात अतिभार वाचतो का? तिसरं तर मलाच कळलं नाही. शिवाय 'सॉफ्ट स्टार्ट'ला कुणीतरी 'मऊ सुरुवात' लिहून ठेवलंय. हसू नका.

व्याकरणप्रेमी : हसलो. मोटरचं संरक्षण हा षष्ठी तत्पुरुष, अतिभारापासून संरक्षण हा पंचमी तत्पुरुष. शाळेतलं 'चोरभय' आठवा. दोन्ही शुद्धच आहेत, पण सुताराला विग्रह करायला का लावायचं? 'अतिभारापासून बचाव' लिहा.

वाइंडिंगवाला : आमच्या टेबलावर 'अतिभार' कुणी म्हणत नाही. 'मशीन दबलं' म्हणतात. ओल्या लाकडात पातं अडकलं की फेरे कमी होतात आणि करंट चढतो. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगचं, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या गुंडाळ्यांचं, तापणं चौपट. वर गंमत अशी की थंड करणारा पंखा आर्मेचरच्याच, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाच्याच, शाफ्टवर असतो, म्हणजे वारा सगळ्यात जास्त हवा तेव्हाच तो सगळ्यात कमी. मग तारेवरचं वार्निश जळल्याचा वास येतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं मशीन चढलेला करंट ओळखून आधीच पुरवठा कमी करतं किंवा तोडतं. गिऱ्हाइकाला वाटतं, बिघडलं! दबून तापलेलं मशीन लगेच बंद करून ठेवू नका, लाकडाबाहेर मिनिटभर मोकळं फिरवा, हे मात्र पुस्तिकेत ठळक लिहा ताई.

भाषांतरवाली : लिहिते. आणि पुनःप्रारंभ?

वाइंडिंगवाला : काम चालू असताना लाइट गेली, बटण दाबलेलंच राहिलं. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुटू नये म्हणून ती सोय. बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय पातं फिरत नाही. प्लायवुड कापायला चार इंची मार्बल कटर वापरणाऱ्यांना हे आधी समजवायला हवं, त्यातल्या बऱ्याच कटरांचं बटण सरकवलं की तिथंच राहतं.

व्याकरणप्रेमी : म्हणजे तिथे मोटर वाचतच नाही, बोटं वाचतात! मग 'संरक्षण' नकोच. 'वीज परतल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय'. लांब आहे, पण खोटं नाही.

भाषांतरवाली : आणि 'मऊ'?

वाइंडिंगवाला : 'झटका न देता उचलते'. व्होल्टेज हळूहळू चढवतात, त्यामुळे मनगटाला हिसका बसत नाही आणि एमसीबीही पडत नाही. 'संथ सुरुवात' लिहू नका, लोक ते कमी वेगाचं बटण समजतील.

व्याकरणप्रेमी : 'उचलणे' फार छान आहे, मोटरीच्या संदर्भात कोशात टाकायला हवं. जाता जाता: करवत हा शब्द संस्कृत 'करपत्र'वरून आलाय. विदर्भातल्या करवतकाठी साडीच्या काठावरही तेच दाते. आपण मात्र दात्यांच्या शब्दाला सोडून 'कटर' म्हणतो.

वाइंडिंगवाला : करवत म्हटलं तर दुकानदार हाताची काढून देतो हो.

भाषांतरवाली : शीर्षकात 'विजेची गोल करवत', आत सगळीकडे 'मशीन'. 'बिनझटका सुरुवात' चालेल का?

वाइंडिंगवाला : पळेल.